पलटण टिकणार का? (थोडं लांब आहे, चहा घेऊन वाचा)

३१ ऑक्टोबरला रात्री दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर पुणेरी पलटण प्रो कबड्डीची फायनल हरली. दबंग दिल्ली ३१, पलटण २८. आमच्या घरात टीव्ही बंद झाला तेव्हा कुणी काही बोललं नाही. बायकोनं फक्त विचारलं, उद्याची बातमी कोण लिहिणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूर रोडला चहाला थांबलो होतो. तिथं ओळखीचे एक तात्या भेटले. ऊसवाले शेतकरी. त्यांचा धाकटा अकरावीला आहे, डावा कोपरा खेळतो आणि पकड चांगली आहे. त्याचे दोन सामने मी स्वतः पाहिलेत. पुण्याला कुठल्या तरी अकादमीत घालायचं त्यांच्या मनात आहे. मला म्हणाले, "पत्रकार, ही पलटण टिकायची का सांगा. का आपलं एका सालाचं पीक? पोरगं दोन वर्षं तिकडं घालवायचं म्हणजे आम्हाला पण हिशोब बघाय लागतो."

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. देण्यासारखं तोंडच नव्हतं. मार्च २०२४ मध्ये पलटणनं कप जिंकला तेव्हा मी इथंच छातीठोक लिहिलं होतं, की ही पोरं आता लागोपाठ तीन कप आणणार. जुन्या फॉलोअर्सना ती पोस्ट आठवत असेल. काहींनी तर स्क्रीनशॉट जपून ठेवलेत आणि दर सीझनला पाठवतात. त्यामुळं या वेळी अंदाज नंतर, आधी इतिहास.

प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली. आठ संघ होते. पुण्याचा संघ म्हणजे कबड्डीच्या माहेरघरचा संघ, असा आपला समज. पहिल्या हंगामात पलटण आठवी आली. दुसऱ्यातही आठवी. मग २०१६ मध्ये सहा महिन्यांत दोन हंगाम झाले आणि दोन्हीत पलटण तिसरी आली. तो संघ नावाजलेल्या गड्यांचा होता. मनजीत छिल्लर कर्णधार, सोबत दीपक हूडा, अजय ठाकूर. सगळे तयार, सगळे बाहेरून आणलेले. तीनेक हंगामांत ते पांगले आणि २०१८ व २०१९ मध्ये पलटण बाद फेरीपर्यंतसुद्धा पोहोचली नाही.

आज ज्या पलटणचं आपण कौतुक करतो ती खरी जन्मली आठव्या हंगामात, २०२१ च्या डिसेंबरात. कोरोनामुळं सगळे सामने बेंगळुरूत, प्रेक्षकांविना. अनुप कुमार प्रशिक्षक होता. संघात राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही मोठी नावं होती, पण हंगाम त्यांच्या जिवावर चालेना. तेव्हा पुढं आली दोन पोरं. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत. अस्लमची चढाई बघितली तर त्यात उड्याबिड्या नाहीत. पायानं स्पर्श, बोनस, परत. समोरच्या कोपऱ्याची झोप उडेपर्यंत तेच तेच. शिवाय गरज पडली तर हा पकडीलाही उभा राहतो. गावाकडच्या मैदानावर असा एखादा तरी असतोच, फरक एवढाच की याला वेळेवर मॅट मिळाली. त्या वर्षी पलटण बाद फेरीत गेली आणि यूपी योद्धाकडून हरली, पण संघ सापडला होता.

त्यानंतर बी. सी. रमेश प्रशिक्षक म्हणून आले, ज्यांनी आधी बंगाल वॉरियर्सला कप मिळवून दिला होता. कर्णधार इराणचा फझल अत्राचली. डिसेंबर २०२२, मुंबईत फायनल. अस्लम आणि मोहित दोघंही दुखापतीनं बाहेर. जयपूर ३३, पलटण २९. पुढच्या हंगामात फझलला सोडलं, अस्लमला कर्णधार केलं आणि लिलावात २ कोटी ३५ लाख मोजून इराणचाच मोहम्मदरेझा शादलू आणला. बाकी संघ जवळजवळ सगळा कोवळा. साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले, ९६ गुण. उपांत्य फेरीत पाटण्याला ३७-२१ असं लोळवलं आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५. पंकज मोहितेच्या त्या रात्रीच्या चढाया मी अजून मधूनमधून लावून बघतो.

आणि मग? शादलूला सोडलं. त्याला हरियाणानं २ कोटी ७ लाखांना उचललं. अस्लमचा गुडघा गेला. पलटण आठवी. त्या हंगामाची फायनल कुठं होती माहितीये ना? बालेवाडीत! २९ डिसेंबर २०२४. आपल्या घरच्या मैदानावर हरियाणानं पाटण्याला ३२-२३ असं हरवून कप उचलला, संघात शादलू, आणि आपली पोरं घरी बसून टीव्हीवर बघतायत. मी त्या दिवशी बालेवाडीला जायचं म्हणून सुट्टी काढली होती. गेलो नाही.

आता यंदाचं. प्रशिक्षक अजय ठाकूर, तोच २०१६ च्या संघातला. साखळीत पलटण पहिली. क्वालिफायरमध्ये दिल्लीकडून टायब्रेकरमध्ये हार, मग तेलुगू टायटन्सला हरवून फायनल, आणि तिथं परत दिल्लीच आडवी. दिल्लीच्या बचावात कोण उभं होतं बघा. फझल अत्राचली आणि सुरजीत सिंग. दोघंही कधीकाळी पलटणचेच कर्णधार. म्हणजे आपण सोडलेली माणसंच आपल्याला आडवी आली.

मागच्या चार हंगामांत तीन फायनल. तिन्हींचा फरक बघा: ४ गुण, ३ गुण, ३ गुण. कबड्डीत एक लोण आणि एक पकड एवढ्यात हे सगळं बसतं. एक जिंकली, दोन हरल्या. त्यामुळं "पलटणला फायनल जमत नाही" वगैरे जे चाललंय ते मला पटत नाही. ३ गुण हा दोष नसतो, ३ गुण म्हणजे एका सेकंदाचं नशीब असतं. संघ टिकाऊ आहे का हे बघायचं तर फायनलला किती वेळा गेला ते बघावं, कप किती ते नंतर.

त्या मापानं इतर संघांकडं बघू.

यू मुंबा पहिल्या तिन्ही हंगामांत फायनलला होती. अनुप कुमार कर्णधार. एक हरले, एक जिंकले, एक हरले. अगदी आपल्यासारखाच हिशोब. त्यानंतर आजतागायत मुंबईला फायनल दिसलेली नाही. पाटणा पायरेट्सचं उदाहरण सगळेच देतात, लागोपाठ तीन कप, तिसऱ्या ते पाचव्या हंगामापर्यंत. पण ती किमया बऱ्याच अंशी एका माणसाची, परदीप नरवालची. पाचव्या हंगामात त्यानं एकट्यानं चढाईचे ३६९ गुण मिळवले. प्रतिस्पर्ध्यांना तो कळायला लागला, बाकी संघ बदलला, आणि पुढचे दोन हंगाम पाटणा बाद फेरीत नव्हतं. परदीप असूनसुद्धा.

मला सगळ्यात बोचणारं उदाहरण गुजरातचं वाटतं, कारण ते आपल्या सगळ्यात जवळचं आहे. २०१७ ला नवीन संघ, बहुतेक तरुण पोरं, प्रशिक्षक मनप्रीत सिंग. पहिल्याच वर्षी फायनल, हार. दुसऱ्या वर्षी परत फायनल. तिथं बेंगळुरूच्या पवन सेहरावतनं एकट्यानं २२ गुण काढले आणि परत हार. सगळे म्हणत होते पोरं कोवळी आहेत, कप येणारच. तिसऱ्या वर्षी नववा नंबर. तो कप आलाच नाही. कोवळेपणा ही ठेव नाही हे तिथं कळलं. पोरं दोन वर्षांत महाग होतात, लिलावात जातात.

पण त्याच गोष्टीत दुसरी गोष्ट आहे. तोच मनप्रीत पुढं हरियाणाला गेला. २०२४ च्या मार्चमध्ये आपल्याकडून फायनल हरला. त्यानं संघाचा गाभा मोडला नाही, आपण सोडलेला शादलू घेतला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कप जिंकला. हरल्यावर काय करायचं याचं माझ्या मते लीगमधलं सगळ्यात चांगलं उदाहरण हेच.

हे सगळं लीगचं. पण आपल्या महाराष्ट्राला हा रोग जुना आहे. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादलाच रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं सेनादलाला हरवून पुरुषांचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. ११ वर्षांनी! मुंबईत मिरवणुका निघाल्या. त्यानंतर महाराष्ट्राचा दबदबा बसेल असं वाटलं, बसला नाही. क्रिकेटवाल्यांनीही फार हसू नये. महाराष्ट्रानं रणजी करंडक १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ जिंकला, कर्णधार प्रा. दि. ब. देवधर, वय पन्नाशीला टेकलेलं. त्यानंतर तीन वेळा फायनल गाठली, १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४, तिन्ही वेळा हरलो. फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या आंबेडकर स्टेडियमवर उत्तराखंडविरुद्ध रणजीचा सामना झाला, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या एका आजोबांनी मला देवधरांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. ऐंशी वर्षांपूर्वीच्या कपाच्या. म्हणजे आमच्याकडं आठवण टिकते, संघ टिकत नाही.

का टिकत नाही? याचं उत्तर टीव्हीवर नाही, आपल्या गावात आहे. मी वीसेक वर्षं बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या स्पर्धा बघतोय. गावाचा एक चांगला संघ जमतो. एका आळीतली, एका शाळेतली पोरं, तीन-चार वर्षं एकत्र खेळलेली. डोळ्यांच्या इशाऱ्यावर साखळी धरतात. ५५ किलो गटातून ६५ किलो गटात, मग खुल्या गटात येतात. दोन सीझन त्यांना कुणी हात लावत नाही. मग एक पोलीस भरतीत लागतो. दुसरा एमआयडीसीत, त्याला रात्रपाळी. तिसऱ्याचं लग्न होतं. चौथ्याचा गुडघा. उरलेले तिघं दुसऱ्या गावाकडून पैशावर खेळतात. संपला संघ. नेत्यांच्या वाढदिवसाला स्पर्धा होतात, फ्लड लाइट असतात, बक्षिसाचा मोठा चेकचा पुठ्ठा असतो. (एका ठिकाणी पोरांना फक्त पुठ्ठाच मिळाला, पैसे आजतागायत नाहीत. नाव लिहीत नाही, नगरपालिकेच्या निवडणुकीचं वातावरण आहे.) पण वर्षभर रोज संध्याकाळी सराव घ्यायला कुणी नसतं.

पूर्वी मुंबईत हे काम कंपन्यांनी केलं. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, पोलीस, रेल्वे. खेळाडूला नोकरी, त्यामुळं पोटाची चिंता नाही, आणि तेच सात-आठ गडी वर्षानुवर्षं एकत्र. कबड्डी हा एकट्याचा खेळ वाटतो कारण कॅमेरा चढाई करणाऱ्यावर असतो. पण पकड ही साखळीची असते. डावा कोपरा घोटा धरतो तेव्हा उजवीकडची जोडी किती पावलं आत आली आहे हे त्याला न बघता माहीत असावं लागतं. हे लिलावात विकत मिळत नाही, त्याला तीन-चार वर्षं जातात.

इथं पलटणचं काम मला वेगळं वाटतं. त्यांनी युवा पलटण नावानं खालची फळी उभी केली. पोरं आधी तिथं एकत्र राहतात, खेळतात, मग वर येतात. लीगच्या नियमांत नवीन तरुण खेळाडूला थेट करारबद्ध करून काही हंगाम ठेवता येतं, त्याला लिलावात जावं लागत नाही. लिलावात गेला तरी फायनल बिड मॅच नावाची सोय आहे, म्हणजे दुसऱ्यानं लावलेली शेवटची बोली तेवढीच देऊन आपला गडी परत घेता येतो. पलटणनं या सोयी बऱ्यापैकी वापरल्या. गौरव खत्री, अबिनेश नादराजन, पंकज, मोहित, अस्लम ही नावं हंगामामागून हंगाम दिसतात म्हणून तर पकडीत ताळमेळ दिसतो. यंदा आदित्य शिंदेनं चढाया ओढल्या, तोही याच वाटेनं आलेला.

पण गळतीही आहे. नाशिकचा आकाश शिंदे, अस्लमसोबत हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेला, तो यंदा बेंगळुरूकडून खेळला. बी. सी. रमेशही तिकडंच गेले. लिलावासाठी प्रत्येक संघाच्या पिशवीत पैसे ठराविक. चार पोरं एकदम मोठी झाली की चारही ठेवता येत नाहीत. म्हणजे संघ जितका चांगला घडवाल तितका तो मोडायची भीती जास्त. ऊस चांगला आला की तोडणीला टोळी मिळत नाही, तसलं काहीतरी.

आणि गुडघे. अस्लमचा गुडघा हा एका माणसाचा प्रश्न नाही. २०२२ ची फायनल आणि अकरावा हंगाम, दोन्ही ठिकाणी पलटण पडली ती अस्लम मैदानात नसताना. म्हणजे चार वर्षांत तीन फायनल खेळलेला संघ अजूनही एका गड्यावर कलतो. परदीपचं पाटणा आठवा. यंदा आदित्य पुढं आला हे म्हणून मला कपापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

तर माझा अंदाज, या वेळी जरा दबकत. हा संघ पुढची तीन-चार वर्षं बाद फेरीत दिसेल. गुजरातसारखा कोसळणार नाही, कारण एकदा आठवा नंबर येऊनसुद्धा पुढच्या वर्षी पहिला आला. यू मुंबाला ते जमलं नाही, पाटण्याला लगेच जमलं नाही. पडून उठायला खाली फळी लागते, ती यांच्याकडं आहे. कपाचं मात्र सांगत नाही. फरक ३ गुणांचा असेल, इकडं किंवा तिकडं. आणि शादलूसारखा गडी पुन्हा सोडला, तर मग अंदाजच नको.

जाता जाता एक राहिलं. टिकाऊ म्हणजे काय ते बघायचं तर खो-खोकडं बघा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. भारतानं पुरुष आणि महिला दोन्ही जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे, दोघंही पुण्याचे. खो-खोत राष्ट्रीय स्पर्धांमध्ये महाराष्ट्र वर्षानुवर्षं वरच असतो. तिथं लिलाव कमी आणि शाळेचं, मंडळाचं मैदान जास्त. रोज संध्याकाळी शिट्टी वाजवणारा कुणीतरी सर असतो. कबड्डीत आपल्या तालुक्यात असे सर मी बोटांवर मोजू शकतो, आणि त्यातले निम्मे निवृत्तीला आलेत. मॅट आहे तिथं शिकवणारा नाही, शिकवणारा आहे तिथं मॅट नाही. मातीवर अनवाणी खेळलेलं पोरगं मॅटवर बूट घालून उभं राहिलं की पहिले सहा महिने त्याचा पायच उचलत नाही, आणि निवड चाचणी असते एका दिवसाची.

परवा तात्यांना फोन केला. म्हटलं, पलटण टिकेल, पण तुमच्या पोराचा हिशोब वेगळा मांडा. अकादमीत जाऊन तीन गोष्टी विचारा. रोज सराव कोण घेतं, त्याचं नाव. गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च कुणाचा. आणि बारावीची परीक्षा कुठून द्यायची. चौथी गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगितली. लीगमध्ये एका हंगामात बारा संघ, आणि दर वर्षी हजारो पोरं चाचण्या देतात.

तात्या थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुडघ्याचं विचारलं न्हवतं बघा आम्ही."

येत्या रविवारी ते पुण्याला जाणार आहेत. मलाही सोबत बोलवलंय. जाऊन आलो की कळवतो. तोवर ज्यांच्याकडं २०२४ चा स्क्रीनशॉट आहे त्यांनी कृपया कमेंटमध्ये टाकू नये.